पक्ष्यांचे क्लोजअप : चौकट कुठे धरायची, कात्री कुठे लावायची

रानपिंगळा (धागाकर्ता)

जवळून काढलेला पक्ष्याचा फोटो फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: तो ना धड पूर्ण पक्ष्याचा असतो, ना धड चेहऱ्याचा. शेपटीचं टोक गेलेलं, एक पाय आत तर दुसरा बाहेर, डोक्यावर जेमतेम बोटभर जागा. मग घरी बसून क्रॉप करायला घेतलं की कात्री कुठेही लावा, काहीतरी तुटतंच. हे कॉम्प्युटरवर नाही, पाणवठ्यावरच ठरलेलं असतं. त्यामुळे आधी गणित मांडतो, मग बाकीच्यांनी भर घालावी.

चौकटीत किती रुंदी मावते ते काढायला सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ. एपीएस-सी (बहुतेक हौशी कॅमेऱ्यांतला) सेन्सर २३.५ × १५.६ मिमी धरा (कॅननचा किंचित लहान). ५०० मिमी लेन्सने ६ मीटरवर साधारण २८ × १९ सेंमीची चौकट मिळते, ८ मीटरवर ३८ × २५ आणि १० मीटरवर ४७ × ३१.

आता आपला नेहमीचा पांढऱ्या छातीचा खंड्या घ्या. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत २७-२८ सेंमी. ६ मीटरवर तो आडवा बसला तर चौकटीच्या दोन्ही भिंतींना टेकतो. १० मीटरवर ऐसपैस मावतो. मधला ६ ते ८ मीटरचा पट्टा सगळ्यात फसवा, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी मोठा दिसतो, मन हरखतं आणि बोट शटरवर दाबलं जातं. त्या पट्ट्यात असाल तर दोनच मार्ग. झूम असेल तर मागे या: ४०० मिमीवर ६ मीटरला ३५ × २३ सेंमी मिळतात आणि पक्षी कसाबसा सुटतो. प्राइम (झूम नसलेली लेन्स) असेल तर पूर्ण पक्ष्याचा नाद सोडा, सरळ डोकं-खांदा-छाती धरा आणि कॅमेरा उभा करा.

लांब शेपटीवाल्यांचं गणित वेगळं. स्वर्गीय नर्तकाच्या नराचं अंग वीसेक सेंमीचं, आणि शेपटीच्या फिती तेवढ्याच, कधी त्याहून लांब. फांदीवर बसला की फिती खाली लोंबतात. आडव्या चौकटीत एकतर फिती कापल्या जातात, नाहीतर पक्षी एवढुसा होतो. वेड्या राघूच्या शेपटीतल्या दोन काड्याही अशाच. व्ह्यूफाइंडरमध्ये हिरव्या पार्श्वभूमीवर दिसत नाहीत, घरी दिसतात, तेही अर्ध्या.

---

कवड्या

गणिताला पूर्ण अनुमोदन. कात्री कुठे लावायची यावर माझे दोन पैसे.

सांध्यावर कधीच कापू नका. माणसाचा फोटो मनगटावर किंवा गुडघ्यावर कापला की हात-पाय तुटल्यासारखे दिसतात, तसंच इथे. पक्ष्याच्या पायातला जो उलटा वाकणारा 'गुडघा' आपण म्हणतो तो खरं तर त्याचा घोटा. शेकाट्या, चित्रबलाक, रोहित (फ्लेमिंगो) अशा लांब पायांच्या पक्ष्यांत तो डोळ्यात भरतो. पाय कापायचेच असतील तर त्या सांध्याच्या बरेच वर, मांडीची पिसं संपतात त्याच्याही वर कापा, म्हणजे पाहणाऱ्याला कळतं की हा छातीपर्यंतचा फोटो आहे. सांध्याच्या बोटभर खाली कापलं की ती फक्त चूक दिसते.

डोकं-खांद्याचा फोटो असेल तर खालची कडा मानेवर नको. मानेवर कापलं की मुंडकं तरंगतं. मिटलेल्या पंखाचं पुढचं वळण, जिथे खांदा गोल होतो, ते पूर्ण आत घ्या आणि त्याच्या थोडं खाली, छातीवर कापा. त्या गोलाईवर डोकं टेकलेलं वाटतं.

नखांचंही तसंच. पक्षी फांदीवर असेल तर नखं आणि त्याखाली फांदीची पूर्ण जाडी आत हवी. पक्षी आत आणि फांदी अर्धी उभी चिरलेली, म्हणजे पक्षी हवेत लटकला. पाण्यात उभा असेल तर पाणी पायाला जिथे भेटतं ती रेघ आत घ्या. प्रतिबिंब घ्यायचं तर पूर्ण घ्या. डोक्यावर कापलेलं प्रतिबिंब ठेवण्यापेक्षा पायाखाली चार बोटं पाणी ठेवून बाकी काढलेलं बरं.

---

नवखा_बंड्या

एक बाळबोध प्रश्न. पक्षी मधोमध नको असं सगळे सांगतात, क्रॉपच्या चौकटीत तिचे तीन समान भाग करणाऱ्या एक तृतीयांशच्या रेघा पण असतात. पण माझ्या कॅमेऱ्यात मधला फोकस बिंदूच चांगला चालतो, मग पक्षी मधोमधच येतो. क्रॉप करताना किती सरकवायचा?

---

रानपिंगळा

प्रश्न बाळबोध नाही. एक तृतीयांश हा अंदाज आहे, कायदा नाही. मी जागा मोजतो ती चोचीच्या पुढे. पक्षी डावीकडे बघत असेल तर चोचीपुढची जागा शेपटीमागच्या जागेच्या दीडपट ते दुप्पट. डोळा मग जिथे पडेल तिथे पडू द्या.

मान वळवून मागे बघणाऱ्या पक्ष्याला शरीर एकीकडे, नजर दुसरीकडे. अशा वेळी नजरेकडच्या बाजूला जागा द्या, कारण पाहणाऱ्याचा डोळा नजरेमागे जातो. शेपटीकडे कमी पडली तरी चालते, कापली मात्र जाऊ नये.

समोर बघणारा पिंगळा मधोमध ठेवा, चौरस कापा, बिनधास्त. दोन गोल डोळे आणि तुमच्यावर रोखलेली नजर, त्याला तृतीयांशावर सरकवलं की उगाच कोपऱ्यात ढकलल्यासारखा वाटतो.

फोकस बिंदूचं: मधल्या बिंदूवर फोकस पकडून मग चौकट सरकवायची जुनी पद्धत ६ मीटरवर धोक्याची आहे. तुम्ही किंवा पक्षी दोन-तीन सेंमी पुढेमागे झालात तरी डोळा सुटतो. त्यापेक्षा मधला बिंदू सततच्या फोकसवर, पक्ष्याच्या डोळ्यावरच ठेवा आणि चौकट सैल धरा. पक्षी चौकटीच्या रुंदीच्या साधारण ६० टक्के. मग क्रॉपमध्ये सरकवायला जागा उरते. नवीन कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस आहे, पण गवतात तो पुढची काडी धरतो. तिथे परत एक बिंदू.

---

पाणकणीस

फोकसचा विषय निघालाच आहे तर तेज पट्टीबद्दल (डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसच्या पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो). ५०० मिमी, एफ ५.६ (लेन्सचं छिद्र; आकडा वाढला की छिद्र लहान), ६ मीटर, एपीएस-सी: तेज दिसणारी पट्टी जेमतेम ३ सेंमी. एफ ८ ला साधारण साडेचार. खंड्याची चोचच सुमारे ६ सेंमी. तो तुमच्याकडे तिरका बघत असेल तर डोळा आणि चोचीचं टोक एकाच वेळी तेज येणं शक्य नाही, कितीही पैसे टाकलेत तरी. पूर्ण बाजूने, चोच सेन्सरला समांतर असली तरच दोन्ही मिळतात. नाहीतर डोळा तेज, चोच मऊ, हे स्वीकारा. उलटं मात्र चालत नाही.

यात क्रॉपचा संबंध लोक विसरतात. ही पट्टी लेन्समध्ये कुठे कोरलेली नसते, ती शेवटी चित्र किती मोठं करून पाहता यावर ठरते. त्याच फोटोचा अर्धी रुंदी-अर्धी उंचीचा क्रॉप काढून मूळ आकाराएवढा मोठा केलात की ३ सेंमीची पट्टी दीड सेंमी झाली. हाताचा कंपही दुप्पट दिसतो. दाणे म्हणाल तर, चौकटीतला पाव भागच उरल्यामुळे प्रकाशही पावच उरला, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोन स्टॉपने वाढवल्यासारखं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट).

म्हणून निम्म्याने क्रॉप करायचंय हे आधीच माहीत असेल तर शटर त्या हिशोबाने ठेवा. ५०० मिमी लेन्स एपीएस-सीवर फुल-फ्रेम सेन्सरवरच्या ७५० सारखी वागते, निम्म्या क्रॉपनंतर १५०० सारखी, आणि शटर निदान सेकंदाच्या तेवढ्याव्या भागाचं हवं. म्हणून तेव्हा हातात धरून १/१६०० च्या खाली उतरू नका. स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, धोबी पक्ष्याची शेपटी थांबवत नाही. तुरुतुरु चालणारा धोबी किंवा नाचण यांना १/२००० च लागतो. शांत बसलेल्या खंड्याला, क्रॉप करायचा नसेल तर, १/८०० पुरतो, पण तोही दर दोन सेकंदांनी मान झटकतो, म्हणून ५ ते ८ फोटोंचे छोटे बर्स्ट घ्या आणि घरी डोळा १०० टक्के मोठा करून पाहा. पापणीआतला दुधी पडदा अर्धा ओढलेला असेल तर फोटो बाद. छोट्या स्क्रीनवर तो दिसत नाही.

---

कवड्या

+१. दुधी पडद्याला एक अपवाद. खंड्या सूर मारताना पाण्यात शिरतो त्या क्षणी पडदा असतोच, तिथे तो असणंच बरोबर. बसलेल्या पक्ष्यात नको.

---

माळरान

क्रॉपच्या चर्चेत पार्श्वभूमी राहून जातेय. घट्ट चौकटीत पार्श्वभूमीचा एक पांढरा ठिपकासुद्धा डोळ्यात खुपतो, कारण बाकी काहीच नसतं. पक्षी ६ मीटरवर आणि गवत त्याच्या मागे १ मीटरवर असेल तर काड्या दिसणारच. तेच गवत २० मीटर मागे असेल तर मऊ रंग होतो. पक्षी तुम्ही हलवू शकत नाही, स्वतःला हलवू शकता. अर्धा फूट डावीकडे सरकलात तरी मागची फांदी पक्ष्याच्या डोक्यातून उगवायची थांबते. हे क्रॉपने होत नाही.

माळावरचे पक्षी (टिटवी, धाविक, चंडोल) उभ्याने वरून काढले की पार्श्वभूमी म्हणजे माती. लेन्स जमिनीपासून एक-दीड फुटावर आणली की पार्श्वभूमी दूर जाते आणि पुढचं गवत धूसर पट्टा होतं. बीनबॅग वापरा. तांदूळ भरलेली जड पण लेन्सखाली घट्ट बसते. थर्माकोलचे मणी हलके, पण मोठी लेन्स डुलते. गाडीच्या खिडकीवर ठेवायची असेल तर इंजिन बंद, नाहीतर कंप बॅगेतून लेन्सपर्यंत येतो.

---

शेकाट्या_भिगवण

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणच्या बाबतीत थोडं. उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर कुंभारगावहून होड्या जातात. होडीत तिपाई बिनकामाची. आडव्या फळीवर बसू नका, तळाशी बसा आणि कोपर होडीच्या काठावर टेकवा. लेन्स पाण्यापासून हात-दीड हात वर येते आणि पक्षी नजरेच्या पातळीवर दिसतो. नाविकाला आधीच सांगून ठेवा की थव्याच्या अलीकडे इंजिन बंद करून बांबूने न्यायचं आणि थव्याला वळसा घालून नाही, तिरकं.

रोहिताचा चेहरा हवा असणाऱ्यांसाठी आकडे. मोठा रोहित ११० ते १५० सेंमी उंच. ५० मीटरवरून ५०० मिमी आडव्या चौकटीत उंची १५६ सेंमी मावते, म्हणजे पूर्ण पक्षी. त्यातून फक्त डोकं आणि मानेचं वळण, समजा ४० सेंमी, कापलंत तर ४००० पिक्सेल उंचीपैकी हजारभर उरतात. मोबाइलवर छान, कागदावर नाही. थव्याच्या ५० मीटरच्या आत घुसून चेहरा मिळवायला जाल तर थवा उडतो आणि त्या दिवशी मागून येणाऱ्या सगळ्या होड्यांचं वाटोळं होतं.

आणखी एक. सकाळी ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. ५० मीटरच्या पुढचा पक्षी तेव्हा पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. लोक लेन्सला, फोकसला दोष देतात. शटर वाढवून, क्रॉप करून, शार्पनिंग करून त्यावर काही इलाज नाही. सूर्योदयापासून पहिले दोन-अडीच तास, त्यानंतर जवळचेच पक्षी.

---

नवखा_बंड्या

सगळं वाचतोय, वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). आता एक खरा फोटो सांगतो, कापायला मदत करा. ५५६८ × ३७१२ चा मूळ फोटो. छोटा खंड्या तिरक्या पाणकणसावर, डावीकडे बघतोय. चोचीचं टोक डावीकडून २६०० पिक्सेलवर, शेपटी ३५०० वर. डोक्याचा वरचा भाग वरून १३५० वर, नखं २१५० वर. डोळा (२९००, १५००). डाव्या बाजूला एक उजळ वाळलेलं पातं आहे, १७०० ते १९०० च्या मध्ये, वरपासून खालपर्यंत. इन्स्टासाठी ४:५ करायचाय.

---

रानपिंगळा

मोजून लिहिलंत, हे फार बरं केलंत. बघू.

पक्षी ९०० पिक्सेल रुंद, ८०० उंच. ४:५ करायला गेलात तर १६०० उंचीला रुंदी फक्त १२८०. त्यातले ९०० पक्षी, उरले ३८०, म्हणजे चोचीपुढे अडीचशे आणि मागे सव्वाशे. पक्षी पिंजऱ्यात. उंची वाढवून २००० केलीत तर रुंदी १६००, ते चालेल, पण मग वर-खाली नुसतं पाणकणीस. हा फोटो आडवा आहे, त्याला आडवाच राहू द्या.

३:२ मध्ये पहिला प्रयत्न २४०० × १६००. डावी कडा १६५० वर, उजवी ४०५० वर. चोचीपुढे ९५०, शेपटीमागे ५५०. वरची कडा ९५०, खालची २५५०. डोक्यावर आणि नखांखाली ४००-४००. प्रमाण छान, पण तुमचं पातं आत आलं, आणि ते चोचीच्या नेमकं समोर उभं आहे. नजर तिथे आपटते.

म्हणून डावी कडा १९५० वर आणा. उजवी ४०५० तशीच. रुंदी २१००, त्याला ३:२ ने उंची १४००: वरची कडा १०५०, खालची २४५०. चोचीपुढे ६५०, मागे ५५०. दीडपट ते दुप्पट हा माझाच अंदाज इथे मोडतो, पण पातं गेलं आणि नखांखाली ३०० पिक्सेल पाणकणीस आहे. डोळा डावीकडून ९५० वर, म्हणजे जवळपास मध्यात. तृतीयांशवाले नाक मुरडतील, मुरडू देत. उजवी कडा आत घेऊन प्रमाण सुधारायचा मोह होईल. नका करू, शेपटीमागे २०० उरले की पक्ष्याला मागून ढकलल्यासारखं दिसतं.

२१०० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ७ इंच, २०० ला साडेदहा. वेबसाठी भरपूर, छोट्या प्रिंटला ठीक.

---

पाणकणीस

मी पातं क्लोन करून (शेजारचा भाग त्यावर छापून) काढलं असतं आणि २४०० चीच चौकट ठेवली असती. पार्श्वभूमी मऊ आहे, पातं पक्ष्याला शिवत नाहीये, दोन मिनिटांचं काम.

---

माळरान

भिंतीवर लावायला काढा, हरकत नाही. स्पर्धेला पाठवायचं असेल तर नियम आधी वाचा. बहुतेक निसर्ग-स्पर्धांमध्ये क्रॉप चालतो, चौकटीतली वस्तू काढणं किंवा घालणं चालत नाही, आणि अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली) मागतात. तिथे पातं नसेल का? असेलच. पक्षी-नोंदीच्या संकेतस्थळांवरही, ईबर्ड असो वा आयनॅचरलिस्ट, जसा होता तसाच द्या. पक्षी नीट दिसेल एवढं जरूर कापा, पण रंग भडक नको, सही नको, वॉटरमार्क नको.

एआयने मोठा केलेला फोटो ओळखीसाठी तर मुळीच नको. ८०० पिक्सेलच्या वटवट्याचा ३२०० केला की सॉफ्टवेअर पिसाच्या कडा स्वतःच्या मनाने काढतं. भुवईची पट्टी डोळ्यामागे किती जाते, पंखावर पुसट पट्टी आहे की नाही, यावर जिथे जात ठरते तिथे ती पट्टी यंत्राने काढलेली असू शकते. तुतवारांचंही तेच. ओळख विचारताना कापलेला फोटो आणि सोबत न कापलेला मूळ, दोन्ही टाका. पाय किती लांब, पाणी किती खोल, शेजारी कोणता पक्षी, हे मूळ फोटोतच दिसतं.

---

कवड्या

माळरान यांच्याशी सहमत, फक्त क्लोनच्या बाबतीत नाही. असो, तो वेगळा धागा होईल.

नवखा_बंड्या, ४:५ हवाच असेल तर तो पाणवठ्यावरच घ्या. आडव्या ६००० × ४००० मधून उभा ४:५ काढलात तर ३२०० × ४००० मिळतो, १२.८ मेगापिक्सेल. तोच कॅमेरा उभा धरून घेतलेल्या ४००० × ६००० मधून ४००० × ५०००, म्हणजे २० मेगापिक्सेल. एक मनगट वळवायचं, बाकी खर्च काही नाही. खांबावर ताठ बसलेला पिंगळा, बुंध्याला चिकटलेला सुतार, नर्तकाच्या फिती, मान ताणलेला राखी बगळा, हे सगळे उभेच घ्या.

---

शेवरीचं_बोंड

माझ्याकडे निकॉन पी९०० आहे, डीएसएलआर नाही. वरचं गणित मला लागू पडतं का?

---

पाणकणीस

पडतं, पण उलट्या बाजूने. तुमच्याकडे झूम २००० मिमीच्या तोडीचा, सेन्सर मात्र नखाएवढा आणि १६ मेगापिक्सेल (४६०८ × ३४५६). म्हणजे पोच भरपूर, कापायला जागा नाही. पिक्सेल पातळीवर तो फोटो मऊच असतो, त्यात निम्म्याने कापला की तेलात रंगवल्यासारखी पिसं दिसतात. म्हणून चौकट जागेवरच पक्की करा, क्रॉप कडा साफ करण्यापुरता, पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. डिजिटल झूम मेनूत जाऊन बंद ठेवा, तो म्हणजे कॅमेऱ्याने केलेला क्रॉपच. आयएसओ ४०० च्या आत, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन पाठीवर घेऊन. आणि पक्षी शोधताना आधी झूम कमी ठेवून चौकटीत घ्या, मग वाढवा. पूर्ण झूमवर आकाशात घार शोधणं म्हणजे नळीतून चंद्र शोधणं.

ता. क. डीएसएलआरवाल्यांचा ठरलेला प्रश्न येणारच म्हणून आधीच: १.४ चा टेलीकन्व्हर्टर (लेन्सची फोकल लेंथ १.४ पट करणारं जोडभिंग) की क्रॉप? कन्व्हर्टर एक स्टॉप खातो, एफ ५.६ चं ८ होतं. २४ मेगापिक्सेलमधून तेवढाच क्रॉप केला तर १२ उरतात. प्राइम लेन्स आणि चांगलं ऊन असेल तर कन्व्हर्टर. एफ ६.३ चा झूम असेल तर एफ ९ वर फोकस चाचपडतो, त्यापेक्षा क्रॉप.

---

जुवारीकाठ

गोव्यातल्या खारफुटीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. जुवारीत आणि कुंभारजुवे कालव्यात होडीतून काळ्या टोपीचा खंड्या दिसतो. मागे खारफुटीचा काळोख, पक्ष्यावर थेट ऊन. कॅमेरा काळोख मोजून फोटो उजळवतो आणि गळ्याचा पांढरा भाग जळतो. एक स्टॉप खाली घ्या, काळोख काळाच राहू द्या. मुळं सगळी वेडीवाकडी, आडव्या चौकटीत पसारा दिसतो. उभी चौकट, पक्षी वरच्या भागात, खाली एकच मूळ पाण्यात उतरलेलं, एवढंच ठेवा. भरतीला आलात तर होडी वर उचलली जाते आणि पक्षी डोळ्यासमोर येतो. ओहोटीला मान वर करून पोटाचे फोटो मिळतात.

---

रानपिंगळा

छान भर. आता कात्रीचा क्रम, कारण उलट्या क्रमाने केलं की दोनदा काम होतं. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरची उदाहरणं देतो, डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हाच क्रम.

आधी सरळ करा. पाण्यातला पक्षी असेल तर क्षितिज शोधू नका, ते दिसतच नसतं आणि काठ तिरका असू शकतो. डोळा आणि प्रतिबिंबातला डोळा जोडणारी रेघ उभी आली की फोटो सरळ. फिरवण्याची किंमत लक्षात ठेवा: ६००० × ४००० तीन अंश फिरवला की त्याच प्रमाणात ५५७० × ३७१० च्या आसपास उरतो, चौदा टक्के पिक्सेल गेले. मग प्रमाण ठरवा आणि कुलूप लावा ('आर' ने क्रॉप उघडतो, 'ए' ने प्रमाण बांधलं जातं, 'एक्स' ने आडवं-उभं, 'ओ' ने रेघा बदलतात). मग चारही कडांवरून नजर फिरवा. तुटलेलं पान, कोपऱ्यातला उजळ ठिपका, दुसऱ्या पक्ष्याची फक्त चोच. अशी एखादी गोष्ट सापडली की एकतर ती पूर्ण आत घ्या, नाहीतर पूर्ण बाहेर काढा. शेवटी चित्र स्क्रीनवर काडेपेटीएवढं लहान करून बघा. पक्ष्याचा आकार तेवढ्यातही ओळखू आला तर चौकट जमली.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, अंतिम आकाराला आणल्यावर. मोठ्या फोटोवर केलेलं शार्पनिंग लहान करताना वाया जातं, आणि पिसांवर पांढऱ्या कडा मात्र उरतात.

---

माळरान

एक राहिलं, आणि ते क्रॉपच्या बाजूने. घरट्याजवळ, पिल्लांजवळ जवळचा फोटो नकोच, क्रॉपचाही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंडी-घरट्यांना छेडणं येतं. टिटवी उन्हाळ्यात उघड्या माळावर अंडी घालते. तुम्ही वीस मिनिटं चौकट जुळवत बसलात आणि ती डोक्यावर ओरडत राहिली, तर तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. एरवीही पक्ष्याने खाणं थांबवलं, मान ताणली, पंख किंचित उचलले, की तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथून मागे फिरा आणि लांबून घेतलेलाच कापा. घुबडांचे फोटो टाकताना फाइलमधली जीपीएसची नोंद काढा.

---

नवखा_बंड्या

रानपिंगळा, २१०० चा क्रॉप केला, पातं गेलं. आता लॅबला ८ × १२ द्यायचा आहे. काही सांभाळायचं?

---

रानपिंगळा

८ × १२ ला २१०० × १४०० म्हणजे १७५ डीपीआय. हातभर अंतरावरून चालेल, नाक लावून बघितलं तर मऊ. मॅट कागद घ्या, चकचकीत कागद उणिवा दाखवतो.

कडा: लॅब कागद कापताना चारही बाजूंनी २-३ मिमी खाते, फ्रेमवाल्याचा माउंट आणखी ५ मिमी झाकतो. तुमच्या फोटोत १२ इंचाला २१०० पिक्सेल, म्हणजे १ मिमीला सुमारे ७. दोन्ही मिळून ८ मिमी, ५५-६० पिक्सेल प्रत्येक बाजूला जाणार. शेपटीमागचे ५५० चे ४९० होतील, नखांखालचे ३०० चे २४०. परवडतं. लॅबला 'फिट' (न कापता बसवणं) सांगा, 'फिल' (कागद भरायला कडा कापणं) नको. डावी कडा मात्र पात्यापासून ५० पिक्सेलवरच आहे, म्हणून फाइल देण्याआधी डाव्या कडेला पात्याची उजळ छटा आत शिरली नाही ना, ते १०० टक्के मोठं करून बघा.